सवतीचं बी

...आन् वर मलाच इचारतोय, "दाजी, लई लागलं का वो?" लागलं का! आरं, चार जणांनी मिळून माणसाला ज्वारीच्या कणसागत बडवल्यावर लागतंय का न्हाय, हे काय इचारायचं आसतंय व्हय? न्हाय न्हाय, तुमी बसा मंडळी, सतरंजीवर ऐसपैस बसा, माजी काळजी करू नका, मी उभ्यानंच बोलणार हाय. डॉक्टरनं सांगितलंय, धा दिस बसायचं न्हाय. पालथं झोपायचं, उभ्यानं जेवायचं आन् हसायचं तर अजाबात न्हाय, बरगडी हाय एक... हितं. ह्यो डावा कान बगा. असं उजेडात या. लग्नात दोन्ही कान सारखं होतं माजं, फोटू हाय घरात. ही बोटं बगा. ही पाठ... पाठ ऱ्हाऊ द्या, बायका बसल्यात. आन् हे सगळं कशापायी? कुणाचा बांध कोरला मी? कुणाच्या म्हशीचं दूध काढलं? न्हाय वो! मी मागितलं काय? बी! नुसतं बी!

आता तुमास्नी पयल्यापास्नं सांगतो, न्हायतर तुमी म्हणाल गुरुशांतचंच काय तरी चुकलं आसंल. सगळी तसंच म्हणत्यात. आमचं रान मोहोळच्या पल्याड. बोअर हाय, चारशे फुटाचं. पण पाणी कसं येतंय, पाऊण तास. मग फुस्स... नुसती हवा. त्या पाऊण तासात उन्हाळ्याचं भिजतंय किती? धा गुंठं. अकरावा गुंठा भिजवाय गेलं तर मोटार जळती, जळून बगितलंय आमी. म्हंजे उन्हाळ्यात घरात जी काय भाजी शिजायची ती त्या धा गुंठ्यावर. आन् बी मातीत जायला पायजे शिवरात्रीच्या आत. नंतर पेरलं तर रोप वर येतंय, आमचं सोलापूरचं ऊन एकदा बगतंय आन् परत खाली जातंय. तवा दरसाल माघ महिना आला की आमच्या घरात लढाई. बाकीच्यांच्या घरात लग्नावरनं भांडणं, वाटणीवरनं भांडणं. आमच्यात बियावरनं!

घरात माणसं किती, तीन. मी, माजी आई आन् आमची महानंदा... माजी मंडळी, दुधनीची. आईचं म्हणणं एकच, गवार. "गवारीला पाणी लागत न्हाय, गवारीला माया लागत न्हाय, गवारीला शिव्या घातल्या तरी येती." मी म्हणलं, आगं आई, येती की, पण खायाची कुणी? सलग चार उन्हाळं गवार खाल्ली आमी. आमचं कुत्रं ताटाजवळ यायचं बंद झालं! माजं मत म्हणशीला तर पाकिटाचं बी. संकरित. मागल्या साली मी टमाटं लावलं. पाकिटावर फोटू आसा, की फोटूलाच चावावं वाटतंय! दुकानदार म्हणाला, "उन्हाळी वाण हाय, घ्या बिनधास्त." घेतलं. झाडं आली, फुलं आली... आन् चव्वेचाळीस डिग्री आली. एका दिवसात सगळी फुलं खाली! मे महिन्यात धा गुंठ्यात नुसत्या काड्या उभ्या, आन् बांधावर आई उभी, आन् तिच्या हातात बी काडी.

ह्या साली म्हणलं, टमाटं नगं, भेंडी. पाकीट आणलं. तिघं बसलो जोत्यावर. मदी आईच्या गवारीचं गाठोडं, शेजारी माजं पाकीट. महानंदाच्या म्होरं काय न्हाय, रिकामी परात. ती म्हणाली, "ह्या साली माज्या म्हायारचं बी. सवतीकाई." सवतीकाई म्हंजे काकडी वो! तिकडं दुधनीच्या कडंला कन्नडात सवतीकाई म्हणत्यात. म्हणाली, "आमच्या आईची सवतीकाई पाटानं पाणी मागत न्हाय. मडकं पुरायचं, मडक्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधी, आन् कडंनं दोन बिया. तेवढ्या वलीवर येल ज्येष्ठापतूर टिकतोय." मी काय म्हणलं आसंल? गुमान 'बरं' म्हणलो आसतो तर आज बसून बोललो आसतो की न्हाय! पण मी म्हणलं, "मडक्यात दुधनीची अक्कल लावलीय वाटतं."

तांब्या आला. कुणाचा ते मी बगितलं न्हाय, गुडघ्यावर आला तवा कळलं. आई म्हणाली, "माजा न्हवं." म्हणजे महानंदाचा. म्हणून मी तिच्याकडं वळतोय, तंवर मागनं गवारीचं गाठोडं पाठीत! आई म्हणती, "तू दोघींच्या बी मधी कशाला येतूस?" दोघींच्या मधी कुटं? मीच तर होतो तिथं! मग महानंदानं भेंडीचं पाकीट फाडलं, त्या औषध लावलेल्या लाल बिया सगळ्या जोत्यावर, आई त्येच्यावरनं घसरली, पडली ती माज्यावर, आन् पडल्या पडल्या मलाच दोन दिल्या. का? तर "पाकीट कुणी आणलं?" म्हणून. महानंदा उभी ऱ्हायली आन् म्हणाली, "ओ, शेवटचं सांगते. माजं बी पेरणार का न्हाय? बी न्हाय तर मी बी न्हाय!" आता आमच्या बोलीत बियाला बी म्हणत्यात आन् 'सुद्धा'ला बी 'बी'च म्हणत्यात. माजा गोंधळ झाला. मी म्हणलं, "तू बी म्हंजे कोण बी?" तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग माजं बी डोकं फिरलं... ह्यो सुद्धावाला बी... मी म्हणलं, "जा! तुज्या काकडीला कोण इचारतंय!" गेली. दुपारच्या यष्टीनं दुधनीला.

बरं, गेली तर गेली. मी म्हणलं, आता निवांत भेंडी पेरू. पण मी काय अडाणी न्हाय, आदी उगवण बगितली. जोत्यावरच्या ईस बिया येचल्या, वल्या गोणपाटात गुंडाळल्या, ठिवल्या. सा दिसानं उघडून बगतोय तर ईसातल्या चार! सोळा तशाच झोपलेल्या. मग झक मारून आईचं गाठोडं सोडलं. म्हणलं, ऱ्हाऊ दे, गवार तर गवार. सोडलं तर आतनं गवार आली न्हाय, भुंगं आलं. प्रत्येक दाण्याला भोक. आई म्हणाली, "तुज्या पाठीत घातलं तवाच फुटलं आसंल." म्हंजे भुंगं माज्या पाठीत होतं व्हय गं?

आता शिवरात्रीला ऱ्हायलं चार दिस. रान मोकळं. घर मोकळं. आन् खरं सांगतो मंडळी, तुमच्यापाशी काय लपवायचं... घर लई मोकळं वाटत होतं. आई माज्याशी बोलत न्हवती, कुत्रं बी बोलत न्हवतं. मी ठरवलं, हरलो. मागतो सवतीकाईचं बी, आणतो बायकोला. पण आमच्या सासूबाईंचा, सुंदरम्मांचा, एक नेम हाय. त्या बी लेकीच्या हाती देत न्हाईत. ज्येच्या रानात पडणार त्येनंच सोत्ताच्या तोंडानं मागायचं, आन् खण-नारळ घिऊन न्ह्यायला यायचं, लेक नांदायला धाडतात तसं. लई मोठी माणसं गेली म्हणं खण-नारळ घिऊन! मग माजी काय कथा? मागायचं. पण मागायचं कशात?

हितं माजी चूक. मराठीत मागायचं न्हवतं का? सरळ! पण माज्या डोक्यात आलं, कन्नडात मागू. सासू खूश हुईल, बायको खूश हुईल, म्हणतील जावयानं किती मान ठिवला. आन् कन्नड मला येतंय की! सोलापूरच्या मार्केट यार्डात दोन वर्सं कांद्याची पोती उतरवली हमालांसंगं. म्हंजे कामापुरतं. आता एकच अडचण, त्यो काकडीचा शब्द. महानंदा 'सवतीकाई, सवतीकाई' म्हणायची. मी इचार केला, ह्यातलं 'सवती' म्हंजे काकडी. मग म्होरचं 'काई' कशाला? तर आमच्या बोलण्यात कसं, येतो की, जातो की, खातो की... तसं त्यांच्यात 'काई' आसंल! उगं आपलं शेवटाला लावायचं. म्हणलं, उगं जास्तीचं कशाला बोला, काढून टाका. ऱ्हायली सवती. कानाला जरा खटकलं वो, खोटं कशाला बोलू... आपल्यात सवत म्हंजे बायकोवर आणलेली दुसरी बायको. पण मी म्हणलं, ती मराठीत! कन्नडात तिला काय तरी दुसरं म्हणत आसतील. भाषा येगळी, माणसं येगळी, सवत तीच कशी आसंल?

लावला फोन. सुंदरम्मांनी उचलला. मी छाती पुढं काढून एका दमात, "अत्ती! ई वर्ष मनीगे सवती तरतीनी!" अत्ती म्हंजे सासू. मला म्हणायचं होतं, सासूबाई, ह्या साली घरी काकडी आणतो. पलीकडनं आवाजच न्हाय. मी म्हणलं, रेंज गेली. तर हळूच आवाज आला, "याव सवती?" म्हंजे, कंची? बगा, मला समजलं! मला एवढा आनंद झाला, कन्नड समजतंय म्हणून! मी म्हणलं, "दुधनीदु!" तुमच्या दुधनीचीच की!  मग इचारलं, "हेंगैती?" म्हंजे कशी हाय? आता काकडी कशी पायजे माणसाला? कवळी! मी म्हणलं, "येळी! चलो ऐती!" कवळी हाय, चांगली हाय. बाईंचा श्वास मला हितं ऐकू याय लागला. मग एकदम बारीक आवाजात, "एष्ट?" किती? मी मनात हिशेब केला, धा गुंठं, गुंठ्याला पाच मडकी... म्हणलं, "ऐवत्तु!" पन्नास! आन् फोनच्या तिकडं काय तरी पडलं. भांडं आसंल म्हणलं. पुन्यांदा लावला तर बंद. आईला सांगितलं, "आगं, सासूबाईंला एवढा आनंद झाला की हातातलं भांडं पडलं!" मी मागितलं काय, बी! नुसतं बी!

दुसऱ्या दिशी सकाळी मी तयार. पांढरा शर्ट, टोपी. पिशवीत हिरवा खण, नारळ, पाच सुपाऱ्या, हळद-कुंकवाच्या पुड्या. आईनं वर अत्तर लावलं. मोहोळ ते सोलापूर, सोलापूर ते अक्कलकोट, अक्कलकोट ते दुधनी, तीन यष्ट्या बदलल्या आन् तिन्हीत मी वाक्य घोकत होतो. शेजारची एक म्हातारी कन्नडवाली होती, तिनं ऐकलं. माज्याकडं बगितलं, खणाकडं बगितलं आन् उठून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली. तवा तरी कळायचं! न्हाय कळलं.

दुधनीत उतरलो तर माजा मेव्हणा गुरुबसप्पा उभा. मला केवढं बरं वाटलं! सोबत तीन जण. गुरुबसप्पा काय माणूस हाय म्हणून सांगू, डाळीच्या गिरणीत शंभर किलोचं पोतं एका खांद्यावर टाकून वर तंबाखू मळतोय. मी म्हणलं, वा, न्ह्यायला चार माणसं! त्येनं पिशवीत डोकावलं. खण बगितला, नारळ बगितला, अत्तराचा वास घेतला. त्येचं डोळं असं झालं... आन् मागच्या तिघांना म्हणला, "हिडी! हिडी!" मला वाटलं, बिडी वढतो का इचारतोय. म्हणलं, "न्हाय बा, सुटली माजी." 'हिडी' म्हंजे धर! कन्नडात 'धर'! तिघांनी धरलं. मग गुरुबसप्पा म्हणला, "बडी! बडी!" आता तुमीच सांगा, बडी म्हणल्यावर तुमच्या मनात काय आलं? बडीशेप! मी म्हणलं, "आरं, जेवायच्या आदीच बडीशेप कशाला?" 'बडी' म्हंजे हाण!

हाणलं! यष्टी स्टँडापास्नं घरापतूर हाणत न्हेलं. मधी एक किराणा दुकान लागलं, तिथं थांबून हाणलं. दुकानदारानं इचारलं, काय झालं? गुरुबसप्पानं सांगितलं. दुकानदार बाहेर आला, काउंटर उघडा टाकून आला बिचारा, आन् दोन ठिवून गेला. एक गाडीवाला जात होता, त्येनं बैल थांबवलं. मी वरडतोय, "ऐवत्तु! ऐवत्तु नगं, कमी द्या, पंचवीस बी चालतील!" मला वाटलं पन्नास मडक्यांचं बी लई मागितलं म्हणून राग आलाय! गुरुबसप्पा म्हणतोय, "पंचवीस? हरामखोर, पंचवीस?" आन् परत नव्यानं सुरवात! टोपी एकीकडं, नारळ एकीकडं. मी मधनंच हात जोडून म्हणतोय, "दुधनीचीच पायजे, दुसरीकडची न्हाय चालत, मला हितलीच गोड लागती!" आता तुमी हसताय. तुमाला हसायला परवानगी हाय, मला न्हाय.

असं करत अंगणात आणून टाकला मला. वर बगतो तर दारात सुंदरम्मा. आन् दाराच्या आत, आढ्याला, सुतळीनं टांगलेली ती! सवतीकाई! पिकून पिवळीजर्द, हातभर लांब, बियाची म्हणून ठिवलेली. त्यांच्यात बी फळातच ठिवत्यात, पेरायच्या येळंला फळ फोडत्यात. मी आयुष्यात पयल्यांदा बगितली. मार इसरलो मी मंडळी. तसाच गुडघ्यावर उठलो, बोट केलं आन् वरडलो, "हीच! हीच सवती पायजे मला!" आता झालं काय, मी ज्या दिशेला बोट केलं त्या दिशेला, बरोबर त्या फळाच्या खाली, शेजारची कोण पोरगी पाण्याची घागर घिऊन उभी होती. इंजिनेरिंगची पोरगी! ती घागर टाकून पळाली. आन् सुंदरम्मांनी आजूबाजूला बगितलं, हातात घ्यायला काय गावंना, म्हणून वर हात केला, सुतळी तोडली आन् ती हातभर सवतीकाई... माज्या... डोक्यात!

फुटली. गर तोंडावर, पाणी डोळ्यांत, आन् बी... सगळं बी अंगणात! माज्या डोक्यावर, शर्टात, कानात, मातीत. तवा सुंदरम्मांला कळलं आपण काय फोडलं. अख्ख्या आळीत त्या वाणाचं तेवढं एकच फळ ऱ्हायलं होतं. मागल्या उन्हाळ्यात रोग आला, सगळ्यांचं येल वाळलं, हिनं एक येल पदराखाली धरल्यागत वाचवला, त्येचं ते फळ. तिच्या सासूनं दिलेलं वाण! बाई किंचाळली, "कोळी! कोळी!" मी म्हणलं, आता कोळी चढला का काय आंगावर! म्हणून मी शर्ट झटकाय लागलो. झटकतोय, झटकतोय, शर्टातलं सगळं बी खाली... आन् चारी बाजूनं कोंबड्या! 'कोळी' म्हंजे कोंबडी वो! बाई मला सांगतीय कोंबड्या आल्या, बी वाचव, आन् मी वाढतोय कोंबड्यांला!

मग मातूर माजं टाळकं सरकलं. तीन यष्ट्या बदलून आलोय, गावभर मार खाल्लाय, घर मोकळं पडलंय, रान मोकळं पडलंय, आन् माजं बी कोंबड्या खाणार? दिली एकीला लाथ. दुसरीची मानगूट धरून फेकली, ती गुरुबसप्पाच्या तोंडावर. एक तांबडा कोंबडा होता, त्यो ह्या कानाला लोंबकळला, कारण कानात बी होतं, आन् त्येला ते दिसलं होतं. त्येला कानासकट उपटला. आन् उरलेल्या बियावर मी पालथा पडलो. सपशेल, हात पाय पसरून. खाली बी, वर मी. वरनं गुरुबसप्पा, गुरुबसप्पाच्या हातात बैलाची काठी, आन् माजं बूड मोकळं! हाणतोय त्यो, आन् मी खालनं वरडतोय, "नन्न सवती! नन्न सवती!" माजी सवती, माजी सवती! पण हललो न्हाय मी. एक बोट हललो न्हाय.

तवा आमचं सासरं, मल्लप्पा, कोपऱ्यातनं उठलं. आतापतूर गप बसून पान खात होतं. म्हणलं, "थांबा रं! ह्यो मार चुकवायचं सोडून बी झाकतोय." काठी थांबली. मल्लप्पा माज्यापाशी बसलं, मराठीत म्हणलं, "जावईबापू, तुमाला नक्की काय पायजे?" मी मातीत तोंड घालून म्हणलं, "काकडी." "काकडी?" "काकडीचं बी वो मामा! सवती!" सुंदरम्मा म्हणाल्या, "सवती...काई?" मी म्हणलं, "व्हय! सवती! तुमी म्हणता 'काई', आमी म्हणतो 'की'!" मल्लप्पानं कपाळावर हात मारला. "आवो, काई म्हंजे फळ! काई काढल्यावर नुसती सवत ऱ्हाती! सवत मराठीत बी सवत आन् कन्नडात बी सवतच!" म्हंजे बगा, दोन भाषांचं पाणी येगळं, भाकरी येगळी, लिपी येगळी, आन् जुळायला ह्यांना एकच शब्द सापडला! म्हंजे मी फोनवर काय बोललो होतो? सासूबाई, ह्या साली घरी सवत आणतो. तुमच्या दुधनीचीच. कवळी हाय, चांगली हाय. पन्नास आणतो!

गुरुबसप्पानं काठी टाकली आन् म्हणला, "पन्नास म्हणलात तवा आमाला वाटलं पिऊन बोलताय, म्हणून माणसं जास्ती घेतली." आन् मग ते त्येचं, "दाजी, लई लागलं का वो?" मी मागितलं काय रं... जाऊ दे.

पण एक सांगतो. आतलं दार उघडलं आन् महानंदा बाहेर आली. तोंड सुजलेलं, डोळं लाल. फोन आल्यापास्नं पोटात अन्न न्हवतं तिच्या, नुसत्या पाण्यावर. तिला खरंच वाटलं होतं, मी काकडीवरनं भांडून दुसरी करतोय. मंडळी, स्टँडापास्नं अंगणापतूर मी रडलो न्हवतो, तवा रडलो. पालथाच पडून रडलो. म्हणलं, आगं, मला तुज्याशिवाय भाजीचं बी ठरवता येत न्हाय, दुसरी बायको कशी ठरवू? ती हसली, पण डोळ्यांत पाणी. पदरानं माज्या तोंडावरचा गर पुसला आन् म्हणाली, "पण मराठीत का न्हाय बोललात? आईला समदं मराठी कळतंय की! समद्या मालिका मराठीच बगती!"

मग मी हळूच उठलो. म्हंजे उठवला मला. खाली बगितलं तर बी शाबूत, ओंजळभर. महानंदानं येचलं, राखंत घोळलं, धडप्यात बांधलं. मी हात पुढं केला. सुंदरम्मांनी ते धडपं आपल्या पदराच्या गाठीत बांधलं आन् पयल्यांदा माज्याशी मराठीत बोलल्या. एकदम शुद्ध, मालिकेतल्यासारखं. "जावईबापू, हे आता शेवटचं बियाणं आहे. आणि तुमचा काही भरवसा नाही. बी जाईल तिथं मी येणार."

आल्या की! आमच्या दोघांसंगंच, यष्टीनं. मी उभा, त्या बसलेल्या. शिवरात्रीच्या आदल्या दिशी पन्नास मडकी पुरली, बी लावलं, उगवलं बी... ह्यो सुद्धावाला बी आन् त्यो खरा बी, दोन्ही. आता सकाळी पाऊण तास बोअर चालतंय आन् मी वाकून वाकून पन्नास मडकी भरतोय. लिंबाखाली खाट हाय, खाटंवर सुंदरम्मा, हातात कोंबड्या हाकायची काठी. रानात कोंबडी एक न्हाय. पयल्या दिशी आई आन् त्या एकमेकीवर तुटून पडल्या, ही मराठीत, ती कन्नडात, मी म्हणलं, बरं झालं, आता ह्यांची जुंपली. संध्याकाळी बगतो तर दोघी एका ताटात जेवत होत्या आन् माजी नक्कल करत होत्या. महानंदा जेवण वाढत होती. त्या म्हणत्यात, काढणी झाली, बी धरलं, की जाईन. बी धरायचं म्हंजे फळ येलावर पिकायला पायजे. म्हंजे ज्येष्ठ. मग ते वाळायला पायजे. म्हंजे... मी इचारत न्हाय म्होरचं.

आन् गाव कुटं गप बसतंय? परवा पारावर चौघांनी अडवलं. "काय गुरुशांत, दुधनीला सवत आणायला गेलतास म्हणं? मिळाली का?"

म्हणलं, न्हाय बाबा. सवत शिल्लक न्हवती, म्हणून सासू दिली.